दसऱ्याला घासलेली पाच बिटं

बाबा, तुमच्या फोटोसाठी भिंतीत खिळा मीच ठोकला. तुमच्या लेकाला, नितीनला जमेना. त्यानं दोनदा हातोडी बोटावर मारून घेतली तेव्हा मी म्हटलं, दे इकडे. खिळा सरळ गेला. हार घातला, उदबत्ती लावली, खाली पडलेला चुना झाडून घेतला. सगळं नीट केलं. रडू मात्र आलं नाही. तुम्ही गेलात त्याला आज एकवीस दिवस झाले आणि मला अजून एकदाही रडू आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. भेटायला आलेल्या बायकांनी ते बरोबर हेरलं. सून आहे, पोटची पोर थोडीच, असं एखादी म्हणालीही असेल. म्हणू दे.

मला काय होतंय विचाराल तर काहीच होत नाही. सकाळी डबे भरते. ओवीची वेणी घालते. आयटीआयला जाते, हजेरी घेते, पोरांना मल्टिमीटर कसा धरायचा ते सांगते. परवा गरम तवा उघड्या हातानं उचलला आणि तो कट्ट्यावर ठेवून झाल्यावर मला कळलं की भाजलंय. आई म्हणाल्या, "अवं, चटका बसला न!" मी म्हटलं, "हो, बसला वाटते." मग बर्नॉल लावलं. असं चाललंय.

एकच गोष्ट आहे जी या सगळ्यात बधिर होत नाही. दसऱ्यानंतर तुम्ही आपल्या टेबलाशी बसला नाहीत. एक रविवार नाही, दोन नाही, तीन महिने. मी त्या दिवशी जे बोलले त्यामुळं का? तेवढंच विचारायचं होतं. रोज ठरवायचे, आज विचारू. मग कुकरची शिट्टी व्हायची, ओवीचा अभ्यास असायचा आणि तुम्ही चप्पल घालून निघालेले असायचात. आता विचारतेय, म्हणजे किती शहाणी मी.

लग्न होऊन कळंबहून या घरात आले तेव्हा माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपला असंच मी धरून चालले होते. मल्टिमीटर मी साड्यांच्या घडीत लपवून आणला होता, चोरीचा माल असल्यासारखा. तो तुम्हाला पहिल्याच रविवारी दिसला. पुढच्या खोलीत खिडकीखाली तुमचं ते लोखंडी पायांचं टेबल होतं. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून तुम्ही त्यावर लोकांचे बंद पडलेले रेडिओ उघडून बसायचात. मल्टिमीटर पाहून तुम्ही खुर्ची मागं सरकवलीत. टेबलावरचा अर्धा पसारा उचललात, खालच्या खोक्यात लोटलात आणि म्हणालात, "बस. हे इकडचं आता तुहं."

शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "काय जी भाऊ, नव्या सुनेले रेडिओ दुरुस्त कराले लावता काय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी कायले लावतो? तेच मले लावून राह्यली." पुढं आयटीआयत निदेशकाची जागा निघाली तेव्हा अर्ज भरायला मला बसनं यवतमाळला घेऊन गेलात ते तुम्हीच. या दोन गोष्टींबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे.

तर आपलं टेबल. तुमच्या बाजूला तुमचं पंचवीस वॅटचं सोल्डरिंगचं आयर्न, तारांना डाग द्यायचं, सरळ प्लगमध्ये खुपसायचं. त्याला तुम्ही पंख्याचा रेग्युलेटर जोडला होता आणि त्यावर बॉलपेननं खुणा केल्या होत्या. कारण आपल्याकडचा करंट. शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज बसायचं आणि तुमचं आयर्न थंड पडायचं, मोटरी बंद झाल्या की एवढं चढायचं की टोकाचं बिट काळंठिक्कर. शेताच्या लाइनीचं वेळापत्रक तुम्हाला शेतकऱ्यांपेक्षा पाठ. "आज दुपारून नाही जमणार," तुम्ही म्हणायचात, "आज गहूवाल्याईची पाळी हाय." सोल्डरिंग करायला महावितरणाचं पंचांग पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि ती कानस. तुमच्या आयर्नचं बिट निव्वळ तांब्याचं होतं. वापरून वापरून त्याला खड्डे पडायचे, काजळी धरायची. मग दर रविवारी चहा झाला की तुम्ही कानस घ्यायचात आणि ते घासून टोकदार, लालबुंद करायचात. त्यावर लगेच थोडं सोल्डर चढवायचात. त्या घासण्यात तुम्हाला काय सुख मिळायचं देव जाणे. पाच मिनिटांचं काम तुम्ही अर्धा तास करायचात. मी चिडवायचे, "बाबा, बिट घासता का दाढी करता?" तुम्ही म्हणायचात, "अवजार साफ असलं का अर्धं काम झालं समज."

सोल्डरिंग स्टेशन घ्यायचं मी काढलं. वेगळ्या डब्यातून वीज घेणारं, डब्यावर आकडा दाखवणारं, आणि बिटाची गरमी स्वतःच मोजून तेवढीच राखणारं. मोटरी चालू असोत की बंद, तीनशे वीस म्हटलं की तीनशे वीस. तुम्ही आधी "कायले पाह्यजे" म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर हिंदी व्हिडिओ पाहताना सापडलात. मग फाइल सुरू झाली. ते हेडक्लार्कपण काही सुटलं नव्हतं तुमचं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर समास सोडून लिहिलेलं: विषय, सोल्डरिंग स्टेशन व वायर निवडीबाबत. खाली रकाने, वॅट, बिट, अर्थिंग, हँडलची वायर. शेवटी, "निर्णयास्तव सादर." मी लाल पेन्सिलीनं शेरा मारायचे, "त्रुटी पूर्ण करून फेरसादर." तीन वेळा परत पाठवली मी ती. आई म्हणायच्या, "पोरीचं लग्न जमवाले इतके कागद नाही लागत."

तुम्हाला गरम हवेचं ब्लोअर असलेलं टू-इन-वन हवं होतं, त्याला दोन आकडे दिसतात म्हणून. मी म्हटलं, बाबा, रेडिओ आणि पाण्याच्या टाकीचे अलार्म बनवणाऱ्या माणसाला ब्लोअरचं काम काय? त्यापेक्षा साधं साठ वॅटचं घेऊ, पण हँडलची वायर मऊ पाहिजे, गरम बिटाखाली आली तरी न जळणारी. तीन पिनांचा प्लग पाहिजे. आणि सगळ्यात मोठं, बिट असं पाहिजे की जे उमरखेडात नाही तर निदान नांदेडात मिळेल. चार वर्षांनी बिट मिळालं नाही तर तो डबा नुसता पाटावर मांडून ठेवायचा. हे तुम्हाला पटलं. अर्थिंगचं तर इतकं पटलं की परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात तुम्ही लगोलग बादलीभर पाणी आणि मीठ ओतून आलात.

सोल्डरच्या वायरीवर मात्र आपलं जमलं नाही. तुम्ही कुठंतरी वाचलं होतं की सोल्डरमध्ये शिसं असतं आणि ते लहान मुलांना वाईट. "घरात ओवी हाय," तुम्ही म्हणालात, "बिनशिशाचं घे." मी मास्तरणीच्या आवाजात समजावून सांगितलं. बिनशिशाचं उशिरा वितळतं, बिट जास्त तापवावं लागतं, ते लवकर जातं, आणि जोड चांगला असला तरी मळका दिसतो, त्यामुळं चुकलं की नाही तेच कळत नाही. धूर दिसतो तो शिशाचा नसतो, वायरीच्या पोटातल्या राळेचा असतो. खिडकी उघडी ठेवायची, काम झालं की साबणानं हात धुवायचे, टेबलावर खायचं नाही, बस. तुम्ही ऐकून घेतलंत. तुमची शेव-चिवड्याची वाटी टेबलावरून कायमची उठली, मोरीजवळ नवा साबण आला. पण मनातून तुम्ही हटला नव्हता. मधूनच म्हणायचात, "तरी पण वैशाली, लेकराचं घर हाय." हा वाद राहूनच गेला. बरोबर माझंच होतं, असं मला अजून वाटतं. पण आता ते कोणाला ऐकवू?

दुसरं एक तुम्हाला सांगितलं नाही. बाजारात सहसा साठ-चाळीसची वायर मिळते, साठ कथील, चाळीस शिसं. मी हट्टानं त्रेसष्ट-सदतीसची मागवली. तुम्ही कारण विचारलंत तर मी म्हटलं, आमच्या लॅबला हीच लागते. खोटं होतं ते. आमच्या लॅबला जी येईल ती चालते. साठ-चाळीसचं थंड होताना क्षणभर खिरीसारखं राहतं, आणि त्या क्षणात हात हलला तर जोड आतून तडकतो. त्रेसष्ट-सदतीसचं एकदम घट्ट होतं. तुमच्या हातातल्या कपबशीचा आवाज मला वर्षभरापासून ऐकू येत होता, बाबा. मी तेवढी काळजी घेतली. म्हणजे मला घेता येत होती. हे मी स्वतःला सारखं सांगते.

स्टेशन दसऱ्याच्या आठवड्यात आलं. सोबत पाच बिटं, एक लावलेलं आणि चार सुटी. तुम्ही म्हणालात, "नवं अवजार हाय. आधी पूजेत बसू दे, मंग चालवू." त्यात मला काही वावगं वाटलं नाही. दरवर्षी दसऱ्याला तुम्ही विळा, कातर, पेचकस, आईंचं शिलाई मशीन सगळं पुसून, तेल देऊन पाटावर मांडायचात. माझ्या मल्टिमीटरलाही कुंकू लावायचात, एकदा तर त्याची काच लाल झाली होती आणि मला आकडा दिसेना.

माझ्या प्रत्येक बॅचला मी पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला एक वाक्य सांगते. नव्या बिटाला कानस लावायची नाही. ते वरून लोखंडाच्या मुलाम्याचं असतं, आत तांबं. मुलामा गेला की बिट गेलं. ओल्या स्पंजानं पुसायचं नाहीतर पितळी चोथ्यात खुपसायचं, एवढंच. हे वाक्य मी शेकडो पोरांना सांगितलं असेल. तुम्हाला सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही माझ्या आधीपासून करत होता, मी तुम्हाला काय शिकवू, असं कुठंतरी होतं बघा मनात.

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली होती. गल्लीतले सगळे, नितीनचे ढाणकीच्या बँकेतले दोघं-तिघं, माझ्या दोन सहकारी बाया. मी चिवड्याच्या बश्या घेऊन पुढच्या खोलीत आले आणि पाटावर पाहिलं. झेंडूच्या फुलांमध्ये पाच बिटं एका रांगेत मांडलेली. पाचही घासून घासून टोकदार केलेली, तांब्याची, लखलखीत. प्रत्येकावर हळदी-कुंकवाचं बोट. तुम्ही सकाळपासून बसून केलं होतं ते.

मी बश्या ठेवल्या नाहीत, तशाच हातात धरून बोलले.

"बाबा! हे काय करून ठेवलं तुमी? एक नाही, पाचही? सगळा मुलामा काढून टाकला न! अहो, पहिल्या वर्षाचं पोट्टंही असं करत नाही."

सगळ्यांच्या माना तुमच्याकडं वळल्या. तुम्ही पाटाकडं पाहिलंत, मग माझ्याकडं. "साफ केले," तुम्ही म्हणालात. "पूजेत ठेवाचे होते म्हून."

तिथं मला थांबता आलं असतं. पण मी थांबले नाही. "आता तुमी हात नका लावू याले," मी म्हटलं.

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि बँकेतल्या त्या माणसाला आपट्याचं पान दिलंत.

रागाच्या भरात मी पाचही बिटं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली, कुंकवासकट. आई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. आणि खरं सांगू? ती बिटं त्या दिवशी चालली असती. महिनाभर सहज चालली असती. उघड्या तांब्याला सोल्डर उलट जास्त छान धरतं, ते फक्त हळूहळू झिजतं. तुमच्या जुन्या बिटासारखंच. पुन्हा घासलं असतं की पुन्हा चाललं असतं. हे मला त्या क्षणीही माहीत होतं. पण मी निदेशक ना! पोरांसमोर बोलायची सवय लागली की माणूस घरातही फळ्यापुढंच उभा राहतो.

नवी बिटं चार दिवसांत आली. मी स्टेशन जोडून ठेवलं. पहिल्या रविवारी मी माझ्या बाजूला बसले आणि वाट पाहिली. तुम्ही म्हणालात, "जरा बाजारातून येतो." दुसऱ्या रविवारी तेच. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "वाचनालयात जातात. रोज दुपारी जातात." मी म्हटलं, असेल, पेपर वाचत असतील. तुमचं जुनं आयर्न खोक्यात तसंच पडलं होतं, गुंडाळलेल्या वायरीसकट. तुम्ही तेही काढलं नाहीत. तेव्हा मला कळलं की हे रागाचं नाही, हे त्यापुढचं काहीतरी आहे. "बाबा, या न, बसा," एवढे चार शब्द होते. ते मी रोज तोंडात घोळवले आणि रोज गिळले. का, तर आधी तुम्ही यावं असं मला वाटत होतं. काय मिजास!

मग ती सकाळ झाली. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

तेराव्याला मागच्या पंगतीत एक माणूस बसला होता, दाढी पांढरी, खिशात टेस्टर. मी ओळखलं नाही. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मी सलीम, ताई. बसस्टँडपाशी टीव्ही रिपेरिंगचं दुकान हाय माहं. काकाचं थोडं सामान हाय माह्याजवळ. सवडीनं या." मला वाटलं, दुरुस्तीला दिलेला एखादा रेडिओ असेल.

परवा आयटीआय सुटल्यावर गेले. चिंचोळं दुकान, छतापर्यंत उघडे टीव्ही रचलेले. काउंटरच्या आत दोन खुर्च्या. एकीवर सलीमभाई, दुसरीवर उशी. जुनी, आपल्या घरची. पिवळ्या फुलांची. ती मी महिनाभर शोधत होते.

"बसा न," सलीमभाई म्हणाले. मी बसले नाही.

"काका इथं येत होते?"

"रोज. दोन वाजले का आलेच समजा. पाच वाजेपर्यंत."

"कायले?"

"कायले म्हंजे? सोल्डरिंग शिकाले."

मी म्हटलं, "त्यांना येत होतं सोल्डरिंग. माझ्या लग्नाआधीपासून येत होतं."

"मीबी तेच म्हनलो! म्हनलं, काका, काहून थट्टा करून राह्यले गरिबाची. तर म्हने, मले जुन्या बिटावर येते सलीम, नव्यावर नाही. आमची मास्तरीन नव्यावर काम करते. तिच्या टेबलावर बसाचं तर तिच्यावानी आलं पाह्यजे." सलीमभाई हसले. "माह्याजवळ बी तसंच स्टेशन हाय, तुमच्यावालं बिट बसते त्याले. पयले आठ दिवस तर थे घासलेले बिटच घेऊन येत. पाचही. वापरून पाह्यले, खाल्ल्या गेले. टोकाले गड्डा पडला तसा मले दाखवला न म्हने, आत्ता समजलं थे काहून वरडली."

म्हणजे तुम्ही ती कचऱ्याच्या डब्यातून काढून घेतली होती.

मी विचारलं. विचारायचंच होतं, एवढ्यासाठी तर माझे इतके दिवस चालले होते. "माझ्यावर राग होता का त्यांचा?"

सलीमभाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला. "राग नाही ताई. रागाचा मानूस कुठं होता थो. एकडावच बोलले. म्हने, पोरगी बरोबर बोलली. फक्त लोकाईत बोलली."

 दुकानात एक टीव्ही आवाज बंद करून चालू होता, त्यात कोणीतरी नाचत होतं. मी तेच पाहत राहिले.

"मंग घरी काहून नाही बसले?" मी विचारलं. "शिकले होते न?"

"किती डाव म्हनलं मी! म्हनलं, काका, आता तुमचा हात माह्याहून साफ हाय, जाऊन दाखवा सूनबाईले. तर म्हने, अजून नाही. धा जोडले तर दोन ड्राय येतात. थे पाह्यल्याबरोबर पकडते." जोड वरून बसलेला दिसतो पण आतून धरलेला नसतो, त्याला रिपेरिंगवाले ड्राय म्हणतात. "आखरी हप्त्यात म्हनत होते, आता या रविवारी बसतो. मंग..."   तो रविवार आला तेव्हा घरात काय होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं.

त्यांनी मला एक पिशवी दिली. तुमचा चष्मा पुसायचा रुमाल, त्रेसष्ट-सदतीसच्या वायरीचं अर्धं रीळ, आणि एक छिद्राछिद्राचा बोर्ड, तळहातापेक्षा थोडा मोठा. रेझिस्टरचे तुकडे लावून लावून त्याच्या मागच्या बाजूला तुम्ही जोड घातलेले, ओळीनं, समास सोडून. "हा परीक्षेचा," सलीमभाई म्हणाले. "पयल्यापासून थोड्या थोड्या दिवसानं यावर एक ओळ घालत, सरावाचे वेगळे लय भरले त्याईनं. बाकीचे मी फेकले, मले काय मालूम."

उशी मी तिथंच राहू दिली. ती आणावी असं मला वाटलं नाही.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. मी टेबलाशी बसले, भिंग घेतलं आणि बोर्ड तपासला, पोरांचे तपासते तसाच, डावीकडून उजवीकडं, वरून खाली. पहिली ओळ वाईट आहे, बाबा. गोळे झालेत, दोन ठिकाणी शेजारचे जोड एकमेकांना चिकटलेत. दुसऱ्या ओळीत हात हललेला दिसतो, सोल्डर करपलेल्या सायीसारखं सुरकुतलंय. तिसरीत चार ड्राय. चौथीत तीन. पुढं एक ओळ अशी आहे की अर्ध्यात सोडून दिलीय, बहुतेक त्या दिवशी हात ऐकत नसेल. मग सहावीत दोन. सातवीत एक ड्राय, तोही काठावरचा.

शेवटच्या ओळीत अकरा जोड आहेत. मी तीनदा पाहिले. प्रत्येकी तेवढंच सोल्डर, तारेच्या पायाशी पसरून वर निमुळतं होत गेलेलं, स्वच्छ, चकचकीत. एकही ड्राय नाही. कापणारा हात तुमचा, आणि अकराच्या अकरा सारखे. मी माझा एक बोर्ड शेजारी ठेवून पाहिला. तुमचे चांगले आहेत.

गुण द्यायला मी लाल पेन्सिल उचलली आणि तशीच धरून बसले. तुम्ही त्या रविवारी येऊन हा बोर्ड माझ्यासमोर ठेवला असतात, तर मी पहिल्या ओळीवर बोट ठेवून बोलायला सुरुवात केली असती. शेवटच्या ओळीपर्यंत मी पोचले असते का, मला माहीत नाही, बाबा.